मुलाची बुद्धी मोजायची म्हणजे काय? नाशिकच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत मी मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेते. कॉलेज रोडवरून पालक येतात, तसे सटाणा, येवला, पेठवरूनही एसटीने येतात. चाचणी संपून दार उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, किती आला?" या पानावर त्या 'किती'च्या आधीचे आणि नंतरचे प्रश्न घेतले आहेत. चाचणी ठरवण्याआधी हे वाचलंत तर निम्मी काळजी घरीच उतरेल.

बुद्धी मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

रक्तातली साखर मोजतात तशी बुद्धी मोजता येत नाही. आम्ही मुलाला वेगवेगळी कामं देतो. शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतलं साम्य, आकडे ऐकून उलटे म्हणणं, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, चित्रांमधला क्रम ओळखणं, अशी ती कामं असतात. त्याने ती कशी केली, हे त्याच्याच वयाच्या शेकडो मुलांनी केलेल्या कामाशी ताडून पाहतो. बुद्ध्यांक, म्हणजेच आयक्यू, ही त्या रांगेतली मुलाची जागा.

या वेगवेगळ्या कामांमागे एकच बुद्धी आहे की अनेक, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाला १९०४ साली दिसलं, की एका विषयात पुढे असलेली मुलं बहुधा दुसऱ्या विषयातही पुढे असतात. यामागे एक सामान्य घटक आहे असं त्याने मांडलं. पुढे अमेरिकेत थर्स्टनने सात प्राथमिक क्षमता सांगितल्या. आजच्या चाचण्या दोघांचंही ऐकतात. एक एकूण आकडा देतात आणि त्याखाली चार-पाच वेगळे आकडेही. मला विचाराल तर अहवालात ते खालचे आकडे आधी वाचा.

हे सुरू कुणी केलं आणि कशासाठी?

'कशासाठी' हा शब्द या सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८८४ साली एका प्रदर्शनात प्रयोगशाळा मांडली होती. लोक तीन पेन्स देऊन आत जात. तिथे त्यांची नजर, ऐकू येण्याची क्षमता, हाताची पकड, प्रतिक्रियेचा वेग हे सगळं मोजलं जाई. तीक्ष्ण इंद्रियं म्हणजे तीक्ष्ण बुद्धी असा त्याचा कयास होता. तो टिकला नाही.

पॅरिसमध्ये प्रश्नच वेगळा होता. शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात सगळ्या थरांतली मुलं आली. कोणत्या मुलांना नेहमीच्या वर्गापेक्षा वेगळी मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता कसं ओळखायचं? या कामासाठी आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. मुलांना बाहेर काढण्यासाठी ती नव्हती, मदत पोहोचवण्यासाठी होती. बुद्धी जन्मतःच ठरलेली आणि कायमची असते असं म्हणणाऱ्यांवर बिनेने १९०९ साली स्पष्ट शब्दांत टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी तो लक्ष आणि स्मरणशक्तीचे व्यायामही घ्यायचा. १९११ साली तो गेला. त्यानंतर अमेरिकेत याच मोजपट्टीच्या आधारे माणसांवर कायमचे शिक्के मारले गेले, आणि 'मंदबुद्धी' ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदीही झाली. पट्टी तीच होती, पण 'कशासाठी' बदललं. म्हणून माझ्याकडे फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारते: चाचणी कशासाठी हवी आहे?

१०० म्हणजे पैकीच्या पैकी का?

नाही, आणि हा गैरसमज शिकलेल्या घरांतही आढळतो. १०० म्हणजे त्या वयाची सरासरी.

पूर्वी हिशेब सरळ होता. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाला जमणारे प्रश्न सोडवले तर त्याचं मानसिक वय दहा. दहा भागिले आठ गुणिले शंभर, म्हणजे १२५. भागाकाराची ही कल्पना जर्मनीतल्या विल्यम स्टर्नने १९१२ साली मांडली आणि शंभराचा गुणाकार १९१६ साली अमेरिकेतल्या टर्मनने रूढ केला. पण मोठ्या माणसांना हे लागू पडेना. चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय पन्नास, याला काय अर्थ? डेव्हिड वेक्सलरने १९३९ साली मोठ्यांसाठी काढलेल्या चाचणीत हा भागाकारच सोडून दिला. सरासरी १०० धरायची आणि मूल सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचं. या पद्धतीत शंभरातली साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. १३० च्या वर जेमतेम दोन, आणि ७० च्या खालीही तेवढीच.

शेजारच्या मुलाला १०८ आणि आपल्या मुलाला १०३ मिळाले, तर त्या फरकावर एक मिनिटही घालवू नका.

कामत, मालिन, भाटिया, रेव्हन... यांतली चांगली कोणती?

ज्या कामासाठी हवी त्यावर ठरतं. आपल्या भागात जास्त वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांबद्दल सांगते.

बिने-कामत चाचणीचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी नुसती भाषांतरित केली नाही, तर मराठी आणि कानडी मुलांवर तपासून, बदलून बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली निघालं. तीन वर्षांच्या मुलापासून ती घेता येते, मूल कंटाळत नाही आणि परीक्षकाला मुलाशी बोलायला भरपूर वाव मिळतो. म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. तिचं वय मात्र विसरू नये, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मालिनची चाचणी आपल्याच राज्यातली, नागपूरची. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीला भारतीय रूप दिलं. ती ६ ते १५ वयासाठी आहे. शाब्दिक आणि कृतीचा बुद्ध्यांक वेगळा मिळतो, त्यामुळे भाषेत अडणारं मूल हाताने काय करू शकतं ते दिसतं. वेक्सलरच्या चौथ्या आवृत्तीचंही भारतीय मुलांवर प्रमाणीकरण झालं आहे.

भाटियांची १९५५ ची कृतिसंच चाचणी मला मनापासून आवडते. पाचही उपचाचण्यांत बोलण्यापेक्षा करणं जास्त. शाळेत न गेलेल्या मुलांचाही तिच्यात वेगळा विचार केला आहे, आणि ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

रेव्हनच्या चाचणीत शब्दच नाहीत. नक्षीचा एक तुकडा गाळलेला असतो, तो खालच्या पर्यायांतून शोधायचा. १९३८ सालच्या मूळ संचात अशा ६० नक्ष्या आहेत. लहान मुलांसाठी रंगीत संच मिळतो. झटपट होते आणि गटालाही देता येते, पण ती एकाच प्रकारची विचारशक्ती पाहते. निव्वळ रेव्हनवरून कुणी मुलाचा 'पूर्ण आयक्यू' लिहून दिला असेल तर तो अहवाल अपुरा समजा.

एका ठिकाणी ११८ आला, दुसरीकडे १०१. खरा कोणता?

बहुतेक वेळा दोघांनीही प्रामाणिकपणे काम केलेलं असतं.

एक कारण म्हणजे प्रत्येक आकड्याला थोडी हलती बाजू असते. झोप झाली नाही, सर्दी आहे, परीक्षक अनोळखी आहे, एवढ्यानेही चार-पाच गुण इकडचे तिकडे होतात. म्हणून चांगल्या अहवालात '१०१' एवढंच न लिहिता '९६ ते १०६ च्या दरम्यान' असं लिहितात. तुमच्या अहवालात असा पट्टा नसेल तर विचारून घ्या.

दुसरं कारण मोठं आहे. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की अमेरिकेत पिढ्या बदलतात तशी चाचणीतली कामगिरी दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी वाढत आली आहे. पुढे अनेक देशांत तेच दिसलं. शाळा वाढल्या, आहार सुधारला, चित्रं आणि चिन्हं लहानपणापासून समोर आली. मग जुन्या पिढीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली तर आजचं मूल आपोआप उजवं ठरणार. १९४० च्या आसपासच्या मोजपट्टीवर ११८ आणि अलीकडच्या मोजपट्टीवर १०१, यात मुलात काही बदल झालेला नसतो. तेव्हा दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही चाचण्यांची नावं शेजारी ठेवा.

आमच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. मुलीची चाचणी मराठीत घेतली तर चालेल?

हा प्रश्न पेठ, सुरगाण्याकडच्या पालकांनी आणि तिथल्या शिक्षकांनी विचारावा असं मला फार वाटतं, कारण इथेच सगळ्यात जास्त अन्याय होतो. मूल ज्या भाषेत स्वप्न पाहतं त्या भाषेत चाचणी हवी. ते शक्य नसेल तर शब्दांवर न चालणारी चाचणी निवडावी, आणि सूचना तिच्या भाषेत देणारं कुणीतरी बरोबर हवं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचंही हेच. माझ्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता. दुसरीकडे त्याची चाचणी इंग्रजीत झाली होती, कारण 'तो इंग्लिश मीडियमला आहे'. आकडा ७६ होता. घरात मराठीशिवाय शब्द नाही. वर्षभराने मी मराठीतून चाचणी घेतली तेव्हा शब्दार्थाच्या उपचाचणीत तो थांबतच नव्हता. एकूण आकडा सरासरीत आला. दरम्यानच्या वर्षात त्याला मागच्या बाकावर बसवलं गेलं होतं.

भाषेच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. निफाडकडच्या एका मुलाबरोबर त्याची आजी आली होती. चाचणी संपल्यावर गप्पांच्या ओघात मी तिला विचारलं, "आजी, विळा, कात्री, कुऱ्हाड आणि वेल, यातलं वेगळं कोणतं?" आजी म्हणाली, "वेगळं कसं? वेल नसंल तर कात्री काय कापंल?" मी म्हटलं, तिन्ही अवजारं आहेत ना? ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "ते तर हायेच. पण कामाला वेल पाहिजे." कागदी नियमाप्रमाणे हे उत्तर चूक. १९३१-३२ साली अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांना असेच प्रश्न विचारले होते. करवत, कुऱ्हाड आणि ओंडका त्यांनीही एकत्र ठेवले. वस्तू 'वर्गा'त टाकायची सवय शाळा लावते. शेत त्या 'कामा'त जोडायला शिकवतं. द्राक्षाच्या छाटणीत कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे त्या आजीला नुसत्या नजरेने कळतं, आणि ते मोजणारी उपचाचणी माझ्या पेटीत नाही.

चाचणीच्या वेळी आत काय होतं? तयारी काय करून घ्यायची?

तयारी करून घेऊ नका, एवढीच तयारी. इंटरनेटवर काही चाचण्यांचे प्रश्न फिरतात. ते मुलाला पाठ करून आणलेत तर आकडा फुगेल आणि ज्या मदतीसाठी आलात ती मदत हुकेल. म्हणूनच खरे प्रश्न मी इथेही देत नाही.

साधारण तास-दीड तास लागतो. लहान मुलासाठी दोन दिवसांत विभागून घेते. पालक बाहेर बसतात. मी उत्तर बरोबर की चूक याहून जास्त पाहते ते मूल उत्तरापर्यंत कसं पोहोचलं. येवल्याचा एक अकरा वर्षांचा मुलगा आठवतो. घरी पैठणीचा माग. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी समोर ठेवली तर इतर मुलं लगेच ठोकळे फिरवू लागतात. याने हात मांडीवरच ठेवले. ओठ हलत होते. नक्षीच्या कडेने तो बोटाने हवेत घरं मोजत होता, जसा पदरावरचा मोर उतरवताना धागा मोजतात. मग एकामागून एक ठोकळे ठेवले, एकही परत उचलला नाही. वेळेचे बोनस गुण त्याचे गेले. पण अहवालात मी ते ओठांचं हलणं आणि न उचललेले ठोकळे लिहिले. त्याच्या शिक्षकांना त्या गुणांपेक्षा हे कामाचं होतं: याला आधी पाहू द्या, घाई करू नका.

स्कॉलरशिपचा 'बुद्धिमत्ता चाचणी'चा पेपर म्हणजे आयक्यूच ना?

नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेतला हा भाग, किंवा खेडगावच्या नवोदयसाठी असलेली मानसिक क्षमता चाचणी, या निवडीच्या परीक्षा आहेत. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, दिशा, हे प्रकार सरावाने सुधारतात आणि सुधारावेत म्हणूनच मुलं क्लास लावतात. तिथे जागा मर्यादित आणि गुणवत्ता यादी असते. व्यक्तिगत बुद्धिमापनात यादी नसते. यादीत नाव आलं नाही म्हणून मुलाला कमी बुद्धी आहे असा निष्कर्ष काढणं साफ चूक आहे. त्याचप्रमाणे १२५ बुद्ध्यांकाच्या मुलाला नवोदय मिळेलच असंही नाही.

बोटांच्या ठशांवरून जन्मजात बुद्धिमत्ता सांगतात. करून घ्यावी का?

करून घेऊ नका. शाळांच्या सभागृहांत स्टॉल लावून, हजारो रुपये घेऊन, रंगीत वर्तुळांचा अहवाल दिला जातो. बोटांवरच्या रेषा गर्भातच तयार होतात हे खरं. त्यांवरून मूल डॉक्टर होईल की चित्रकार, हे कळतं याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने या चाचणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या 'मिडब्रेन'च्या वर्गांचंही तसंच. पट्टीच्या खालून, नाकाजवळच्या फटीतून दिसतं.

मला राग येतो तो पैशांचा नाही. एका आईने असा अहवाल दाखवून सांगितलं, "हिच्यात गणित नाहीच असं आलंय, म्हणून आम्ही आता तिला सांगतच नाही करायला." मुलगी सात वर्षांची होती.

आणि बहुविध बुद्धिमत्ता? ती तरी खरी ना?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली सात प्रकारच्या बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, इतरांना समजून घेण्याची आणि स्वतःला समजून घेण्याची. निसर्गाची नंतर जोडली. वर्गात मुलांकडे उदार नजरेने पाहायला या मांडणीने शिक्षकांना बळ दिलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण या बुद्धिमत्ता एकमेकींपासून स्वतंत्र आहेत याचा पुरावा कच्चा आहे. त्यामुळे 'तुमच्या मुलाची सांगीतिक बुद्धिमत्ता ८२ टक्के' असं कुणी छापून दिलं तर हसून परत द्या. मूल गातं की नाही हे त्याच्या गाण्यावरून कळतं.

मोबाईलवर दहा मिनिटांत आयक्यू येतो, तो?

करमणूक म्हणून ठीक. कुणाशी तुलना केली हेच त्यात सांगितलेलं नसतं.

मुलगा बोलण्यात हुशार आहे, पण वाचता-लिहिता येत नाही. आयक्यू कमी असेल का?

बहुधा नाही, आणि याच मुलांसाठी बुद्धिमापन सगळ्यात उपयोगी पडतं. बुद्धी सरासरी किंवा वर, नजर आणि कान ठीक, शिकवणंही झालेलं, तरी वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने फार मागे, अशा वेळी अध्ययन अक्षमतेची शंका घेतात. आधी बुद्ध्यांक पाहायचा, मग वाचन-लेखनाच्या वेगळ्या चाचण्या घ्यायच्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र माझ्यासारख्या खासगी व्यक्तीकडून चालत नाही, ते सरकारी रुग्णालयातल्या अधिकृत मंडळाकडूनच घ्यावं लागतं. ते मिळालं की दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नका. तिसरी-चौथीत शंका आली की या.

आकडा ७० च्या खाली आला. म्हणजे संपलं का?

नाही. एका आकड्यावरून बौद्धिक अक्षमता ठरत नाही, ठरवू नये. मूल रोजच्या जगण्यात काय करतं हे तितकंच पाहावं लागतं: स्वतः जेवतं का, दुकानातून दूध आणतं का, उरलेले पैसे परत घेतं का, रस्ता ओलांडतं का. त्यासाठी व्हाइनलँडची सामाजिक प्रौढता मोजपट्टी आहे. तिचंही भारतीय रूप मालिन यांनी नागपुरातच केलं. मुलाऐवजी पालकांना प्रश्न विचारायचे असतात, म्हणून आई-वडील दोघंही या. ऐकू येतं का, दिसतं का, फिट येतात का, थायरॉइड तपासलं का, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्या. न ऐकू येणारं मूल अनेकदा 'मठ्ठ' ठरवलं जातं.

बुद्ध्यांक वाढवता येतो का?

गोळी, सिरप, ॲप यांनी नाही. शाळेने वाढतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली होती. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यांक साधारण एक ते पाच गुणांनी वाढतो असं त्यात दिसलं. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या घरातल्या मुलांची वर्षाकाठी अर्धी शाळा बुडते, तेव्हा काय बुडतं याचा अंदाज यावरून करा. आयोडीनयुक्त मीठ, रक्तातलं लोह आणि पुरेशी झोप, याही साध्याच पण खऱ्या गोष्टी.

मुलाला आकडा सांगावा का?

लहान मुलाला सांगू नये. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. मुलाला सांगायचं ते असं: "तुला पाहून पटकन कळतं. ऐकलेलं लक्षात ठेवायला जरा जड जातं, म्हणून बाई आता फळ्यावर लिहून देतील."

येताना काय आणायचं?

गेल्या दोन वर्षांच्या वह्या, त्यातही खाडाखोड केलेल्या. आधीची चाचणी झाली असेल तर तिचा पूर्ण अहवाल, नुसतं शेवटचं पान नको. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते. सकाळची वेळ घ्या, मुलाला पोटभर खाऊ घालून आणा आणि बरोबर एक डबाही द्या. 'परीक्षा आहे' असं सांगून आणू नका. 'एक बाई आहेत, त्यांच्याकडे कोडी आणि ठोकळे आहेत' एवढं सांगितलंत तरी पुरे.